माध्यमांत एम.ए. करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

माध्यमं आणि डिजिटल संज्ञापन या विषयातल्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. बऱ्याच पत्रांतला प्रश्न एकच होता, म्हणून त्यांतली पाच निवडली. मी आधी एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होते, नंतर वेबसाइटच्या डेस्कवर, आणि आता पदव्युत्तर वर्गाला शिकवते. बातमी लावणारी आणि प्रबंध तपासणारी, अशा दोन्ही बाजूंनी उत्तरं देते आहे.

ताई, मी लातूरच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षं इन्स्टाग्रामवर पिकांच्या रोगांबद्दल छोटे व्हिडिओ करते. आता डिजिटल माध्यमांत एम.ए. करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, शेतीची पदवी वाया घालवतेस. पत्रकारितेची पदवी घेऊन आलेल्या मुलांच्या मी मागे पडेन का? आणि पुण्याला जाऊ, मुंबईला, की आणखी कुठे?
— एक विद्यार्थिनी, उदगीर

घरच्यांना आधी हे सांग. माध्यमांच्या अभ्यासातला एक फार मोठा सिद्धांत शेतकऱ्यांशी बोलूनच तयार झाला आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं आलं. उत्पन्न उघड जास्त होतं, तरी बहुतेक शेतकऱ्यांनी ते स्वीकारायला वर्षानुवर्षं घेतली. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी त्यांना गाठून विचारलं आणि १९४३ मध्ये निष्कर्ष छापले: बियाण्याची पहिली खबर विक्रेत्याकडून लागत होती, पण ते घ्यायचं हे शेजाऱ्याकडे बघून ठरत होतं. आयोवातच शेतकरी घरात जन्मलेल्या एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये अशा अनेक अभ्यासांतून नव्या गोष्टींच्या प्रसाराचा सिद्धांत मांडला. एम.ए.च्या पहिल्याच सत्रात तुला तो शिकावा लागेल. वर्गातली बाकीची मुलं तो पाठ करतील. तुझ्या डोळ्यांसमोर मात्र सोयाबीनचं नवं वाण आधी कोणी लावलं आणि कोण दोन हंगाम बांधावर उभं राहून बघत बसलं, ती माणसं येतील.

आपल्याकडचंही सांगते, कारण हे महाराष्ट्रातल्याच किती विद्यार्थ्यांना माहीत नसतं! १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत मंडळं होती. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी लोक रेडिओभोवती जमत, अर्धा तास ऐकत आणि मग आपसांत चर्चा करत. त्यांचे प्रश्न लिहून केंद्राकडे जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे या प्रयोगाच्या मूल्यमापनाचं काम होतं आणि पॉल न्यूराथ यांनी ते केलं. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओ नसलेली गावं अशी तुलना त्यांनी केली. ज्ञान सर्वांत जास्त वाढलं ते मंडळांच्या गावांत, कारण तिथे ऐकण्यापाठोपाठ बोलणं होतं. आज तुझ्या व्हिडिओखाली तीनशे प्रतिक्रिया येतात आणि त्यांतल्या दहाच शेतकऱ्यांच्या असतात, तेव्हाही तपासायचं ते हेच.

म्हणजे मागे पडण्याचा प्रश्न नाही. पहिले काही महिने सिद्धांताच्या तासांना आणि इंग्रजी वाचनाला दम लागेल. तो पत्रकारितेची पदवी घेऊन आलेल्यांनाही लागतो. मला वर्गात काळजी वाटते ती वेगळ्याच मुलांची. कॅमेरा, एडिटिंग, थंबनेल सगळं त्यांना येतं, पण ज्याबद्दल बोलायचं असा एकही विषय हाताशी नसतो. तुझ्या हाताशी चार वर्षांचा विषय आहे. तो सोडू नकोस. प्रबंधही त्यातच कर.

उदाहरणच देते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात व्यवहार त्याखाली होत होते. त्या दिवसांत भावाबद्दलच्या किती क्लिपा फिरल्या ते तू पाहिलंच असशील. उदगीर तालुक्यातलं एक गाव घे. चाळीस घरांना विचार: आजचा भाव पहिल्यांदा कुठे कळला, व्हॉट्सॲपवर, यूट्यूबवर, की अडत्याच्या फोनवर? खरा कोणाचा मानला? माल कधी विकला? मग तीच तारीख केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट पोर्टलवरच्या आवक आणि भावाच्या नोंदीशी ताडून बघ. बायकांना वेगळं विचार, कारण बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो कोणाच्या खिशात असतो हे तुला मी सांगायला नको. माहिती घेताना प्रत्येकाची संमती घे आणि प्रबंधात नावं उघड करू नकोस. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, तो संशोधकाला माहीत असायलाच हवा. एवढं काम नीट केलंस तर कृषी विभागापासून वृत्तसंस्थेपर्यंत कुठेही दाखवता येईल.

आता कुठे जायचं. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग आहे. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट ते हेच. बातमीदारीची ओढ असेल तर तिथे. त्याच विद्यापीठात माध्यम आणि संज्ञापन अभ्यासाचा आणखी एक विभाग आहे, त्याचा कल दृक्‌श्राव्य निर्मिती आणि संशोधनाकडे आहे. मुंबईत कलिना संकुलात मुंबई विद्यापीठाचा विभाग आहे. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यमं आणि सांस्कृतिक अभ्यास या विषयातली एम.ए. आहे. तिथे माहितीपट करायला आणि समाजाकडे चिकित्सेने बघायला शिकवतात, आणि माझ्या मते तुझ्यासारख्या मुलीला तिथलं वातावरण मानवेल. त्यासाठी सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते, म्हणजे पदवीच्या निकालाची वाट बघत बसलीस तर वर्ष गेलंच समज. त्या परीक्षेचं माध्यम इंग्रजी आणि हिंदी आहे, मराठी नाही. मला हे खटकतं, पण तयारी त्याप्रमाणेच करावी लागेल.

नांदेडला विसरू नकोस. तुझा जिल्हा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो आणि तिथे माध्यमांच्या अभ्यासाचं स्वतंत्र संकुल आहे. छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नागपूर, सोलापूर, जळगाव इथल्या विद्यापीठांतही विभाग आहेत. मोठ्या शहरातच माध्यमं शिकता येतात ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पत्रकारिता शिकवली जाते.

निवड करण्याआधी एक दिवस त्या विभागात जाऊन बस. वेबसाइटवरचे फोटो पाहून काही कळत नाही. मागच्या बॅचचे प्रबंध ग्रंथालयात मागून वाच. विषय कोणते आहेत, क्षेत्रकाम खरंच झालंय का, की तेच तेच 'सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम' छापलंय, हे दोन तासांत समजतं. पूर्णवेळ शिक्षक किती, ते विचार. एडिटिंगचे संगणक विद्यार्थ्यांना संध्याकाळी वापरायला मिळतात का, ते शिपायालाच विचार, तो खरं सांगेल.

मॅडम, मी बी.कॉम. आहे. अमरावतीत मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका मिळते असं कळलं. एक वर्षाची पदविका घेऊ की दोन वर्षांची एम.ए.?
— एक वाचक, अचलपूर

लवकर नोकरीला लागायचं असेल तर पदविका पुरते. अमरावतीचं केंद्र भारतीय जनसंचार संस्थेचं आहे. १९६५ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या संस्थेला जानेवारी २०२४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मराठीतून बातमी लिहायची, संपादित करायची रोजची सवय लागायला तिथलं वर्ष उपयोगी आहे. चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझमही एक वर्षाची पदविकाच देतं आणि तिथून बाहेर पडलेले लोक देशभरच्या न्यूजरूममध्ये आहेत. पदविका कमी दर्जाची असं मुळीच समजू नका.

अडचण पुढे येते. कॉलेजात शिकवायचं किंवा पीएच.डी. करायची झाली तर बी.कॉम.सारख्या तीन वर्षांच्या पदवीवर भागत नाही, पदव्युत्तर पदवी लागते. नेट या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी मागतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आता मधला रस्ताही आहे: दोन वर्षांच्या एम.ए.ला प्रवेश घ्यायचा आणि पहिल्या वर्षानंतर थांबावंच लागलं तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायचं. घरची परिस्थिती अनिश्चित असेल तर मी हाच सुचवेन. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह भत्त्याच्या योजना प्रवेशाच्या वेळीच बघा. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो जूनमध्ये तहसीलमध्ये रांग लागायच्या आत काढून ठेवा.

नमस्कार. माझ्या मुलाला इंग्लंडला जाऊन डिजिटल मीडियात एम.ए. करायचं आहे. शिक्षणकर्ज काढावं लागेल आणि त्यासाठी आमचा राहता फ्लॅट तारण ठेवावा लागेल. एजंट म्हणतो, एका वर्षात डिग्री आणि मग तिथेच नोकरी. तुमचं मत काय?
— एक आई, डोंबिवली

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मत सरळ सांगते: राहतं घर तारण ठेवून या विषयाची एक वर्षाची एम.ए. करायला मी माझ्या घरातल्या कोणाला पाठवणार नाही.

इंग्लंडची विद्यापीठं वाईट आहेत म्हणून नव्हे. माध्यमांच्या अभ्यासात त्यांचं काम मोठं आहे. पण हिशोब पाहा. परदेशी विद्यार्थ्यांची फी बहुतेक ठिकाणी २०,००० पौंडांच्या पुढे असते. त्यावर राहण्याचा खर्च, आणि व्हिसाबरोबर भरायचा वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार. अभ्यासक्रम सप्टेंबरला सुरू होतो आणि शेवटचा उन्हाळा प्रबंधात जातो, म्हणजे मुलगा रुळेपर्यंत वर्ष संपत आलेलं असतं. शिक्षण झाल्यावर तिथे राहून नोकरी शोधायला पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आजवर दोन वर्षं मिळत होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती मुदत १८ महिने केली आहे. त्यात या क्षेत्रातली नोकरी भाषेवर आणि स्थानिक ओळखींवर चालते. संगणक अभियंत्याला जी दारं उघडतात ती बातमीदाराला तशी उघडत नाहीत. एजंटला विद्यापीठाकडून प्रवेशामागे दलाली मिळते, हे लक्षात ठेवून त्याचं बोलणं ऐका.

मुलाला परदेशी जायचंच असेल तर मी त्याला आधी इथे दोन वर्षं काम करायला सांगेन. जर्मनीत बॉनला डॉइच वेले या तिथल्या प्रसारण संस्थेच्या अकादमीची बॉन विद्यापीठाबरोबर आंतरराष्ट्रीय माध्यम अभ्यासाची पदव्युत्तर पदवी आहे, तिथे कामाचा अनुभव असलेलेच विद्यार्थी घेतात. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठं शिक्षणशुल्क घेत नाहीत. मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी एका 'ब्लॉक्ड' खात्यात, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. डेन्मार्कमधल्या आरहूसपासून सुरू होणारा, युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस योजनेतला पत्रकारिता अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. पहिलं वर्ष तिथे, दुसरं युरोपातल्या किंवा बाहेरच्या भागीदार विद्यापीठात. त्याच्या शिष्यवृत्तीला जगभरातून अर्ज येतात आणि निवडताना आधी केलेलं काम बघतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तुम्हाला लागू असेल तर एजंटकडे जाण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जा.

आणि मुलाशी बोला. 'लंडनला जायचंय' आणि 'हा विषय शिकायचाय' यांतलं कोणतं खरं आहे, हे त्याला एजंटच्या समोर नाही सांगता येणार. तुम्हाला सांगेल.

मी ३८ वर्षांचा आहे. सोलापुरात एका दैनिकात बारा वर्षं डीटीपी करतो. आता सगळं वेबसाइटवर चाललंय, बातम्या युनिकोडमध्ये टाकणं हेच काम उरलंय. या वयात एम.ए. करून काही होईल का? नोकरी सोडता येणार नाही.
— एक डीटीपी ऑपरेटर, सोलापूर

दादा, होईल. नोकरी सोडू नका. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पत्रकारिता आणि जनसंज्ञापन या विषयातली एम.ए. घरून करता येते, प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांना होतात. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. वयाचं म्हणाल तर नेटमधल्या संशोधन शिष्यवृत्तीला वयोमर्यादा आहे, सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला नाही.

पण मला तुमच्या पत्रात जास्त महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. तुम्ही बारा वर्षं जुन्या फॉन्टमध्ये पानं लावली. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी कळांची रांग असते. फॉन्ट काढला की मजकुराचा कचरा होतो. मराठी दैनिकांचा, साप्ताहिकांचा, दिवाळी अंकांचा केवढा तरी मजकूर असा सीडींवर आणि जुन्या हार्डडिस्कवर पडून आहे. गूगलमध्ये शोधून तो सापडणार नाही, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीच. रूपांतर करणारे प्रोग्राम असले तरी जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्या' इथे ते घसरतात, आणि कुठे घसरतात हे तुम्हाला बोटांनी माहीत आहे. सोलापूरच्या चादरींचे कारखाने, गिरणीचा संप, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, सगळं त्या पानांवर आहे. गावाची आठवण अशी फॉन्टमध्ये अडकून पडणं मला सहन होत नाही.

तुमच्या दैनिकाच्या मालकांशी बोला. एका वर्षाचे अंक घ्या, रूपांतर करा, चुका कोणत्या आणि किती ते नोंदवत जा, तारीख, गाव, विषय अशी सूची करा. प्रकल्पाला यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही. सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात जनसंज्ञापनाचा विभाग आहे. दूरस्थ पदवी घेत असलात तरी तिथल्या शिक्षकांना एकदा जाऊन भेटा, पानं घेऊन जा. डिजिटल अभिलेखाचं काम करणारी माणसं मराठीत फार थोडी आहेत आणि पुढच्या काळात ती ग्रंथालयांना, विद्यापीठांना, वृत्तपत्रांना लागणार आहेत. एम.ए. तुम्हाला त्या कामाची पद्धत देईल, संदर्भ देईल. मूळ कौशल्य तुमच्यापाशी आहेच.

ताई, दोन वर्षं एम.ए. करण्यापेक्षा सहा महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला तर?
— एक वाचक, चिपळूण

जाहिरात आणि विक्रीचं काम करायचं असेल तर जरूर कर. काम मिळेल. फक्त फी भरण्याआधी शिकवणाऱ्याने स्वतः चालवलेल्या दोन मोहिमा दाखवायला सांग, आणि 'नोकरीची हमी' असं लिहिलेल्या ठिकाणी कागदावर काय हमी आहे ते वाच. कोर्समध्ये नियम शिकवतात का तेही विचार. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे, असं जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सांगितलं आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये. कोकणातल्या होमस्टेंचे आणि आंब्यांचे व्हिडिओ करणाऱ्या कितीतरी मुलांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

एम.ए. हा वेगळा रस्ता आहे. लोक एखाद्या गोष्टीवर विश्वास का ठेवतात, बातमी कोणापर्यंत पोचत नाही, पडद्यामागे पैसा कोणाचा आहे, असे प्रश्न तुला छळत असतील तर त्यासाठी दोन वर्षं द्यावीच लागतात. छळत नसतील तर सहा महिन्यांचा कोर्स कर, कामाला लाग, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा लिही.